धूळपाटी, कित्ता आणि अंकलिपी : अक्षरप्रेमी बालकास काय द्यावें?

हस्तलिखितें जमविणाऱ्या आमच्या कित्येक स्नेह्यांनीं गेल्या कांहीं वर्षांत आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारला आहे. घरांत अडीच-तीन वर्षांचें नातवंड आहे. त्यास खेळण्यांपेक्षां दुकानाच्या फलकावरील अक्षरें प्रिय. घड्याळावरचे, मोटारीवरचे, दिनदर्शिकेवरचे अंक तें बोट ठेवून ओळखतें. तरी वाढदिवसास अथवा पाडव्यास त्यास काय द्यावें? प्रश्न गृहस्थाश्रमाचा आहे, संशोधनाचा नव्हे, असें प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु बालकाच्या हातीं पहिलें अक्षर व पहिला अंक कोणत्या साधनानें द्यावा, ह्याचा विचार आपल्या देशांत दोन हजार वर्षे होत आला आहे, आणि त्या विचाराचे अवशेष आपल्याच रुमालांत व पेट्यांत पडलेले आहेत. ते न पाहतां बाजारांत जाणें म्हणजे घरचें दप्तर न उघडतां ऐकीव बखरीवर विसंबणें होय.

प्रथम वयाचा प्रश्न. विद्यारंभास पांचवें वर्ष सांगणारें स्मृतिवचन सर्वपरिचित आहे. रघुवंशाच्या तिसऱ्या सर्गावरील टीकेंत मल्लिनाथानेंही त्याचा आधार घेतला आहे. उलट कौटिल्य आपल्या अर्थशास्त्रांत, चौलकर्म झालें म्हणजे राजपुत्रानें लिपि आणि संख्यान शिकावें, असें सांगतो. आणि चौल हा संस्कार गृह्यसूत्रकारांच्या मतें बहुधा तिसऱ्या वर्षाचा आहे. हीं वचनें परस्परविरुद्ध आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. तिसरें वर्ष अक्षरांच्या ओळखीचें व पांचवें नियमानें शिकण्याचें, असा मेळ घालणें आम्हांस सयुक्तिक दिसतें. कालिदासानें लिपीला नदीच्या मुखाची उपमा दिली आहे. त्या मुखानें समुद्रांत शिरावें तसा रघु लिपीच्या द्वारें वाङ्मयांत शिरला. मुखापाशीं पाणी उथळ असतें, व तेथें बालकानें स्वेच्छेनें खेळावें हेंच योग्य. अक्षरांवर प्रेम करणाऱ्या मुलास तिसऱ्या वर्षीं त्यांपासून दूर ठेवणें जसें अनुचित, तसेंच त्या प्रेमाचें परीक्षेंत रूपांतर करणेंही अनुचित. शिवाय कौटिल्य लिपि आणि संख्यान हीं एकाच श्वासांत सांगतो, हेंही ध्यानांत ठेवावें.

आतां साधनांकडे वळूं. हरियाणांतील सुघ येथें सांपडलेली शुंगकालीन मातीची एक लहान मूर्ति दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयांत आहे. पाटी घेऊन बसलेलें एक मूल, आणि त्या पाटीवर ब्राह्मी लिपींतील स्वर, असें तिचें स्वरूप आहे. ललितविस्तर ह्या बौद्ध ग्रंथांत बाल बोधिसत्त्व चंदनाची पाटी घेऊन लिपिशाळेंत जातो व गुरूस चौसष्ट लिपींचीं नांवें सांगतो, अशी कथा आहे. तेथें मुलें एकेक अक्षर उच्चारतात, तेव्हां त्या अक्षरानें आरंभ होणारें एकेक तत्त्ववाक्य प्रकट होतें; अकारावरून अनित्यता निघते. आज आपण 'अ अननसाचा' म्हणतों ती पद्धति ह्याच कुळांतील आहे. फक्त तत्त्वाच्या जागीं फळ आलें.

महाराष्ट्रांत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणी साधन म्हणजे धूळपाटी. लांकडी फळीवर विटेची भुकटी किंवा बारीक माती पसरावयाची, बोटानें अथवा काडीनें अक्षर काढावयाचें, आणि फळी हालविली कीं ती पुन्हां कोरी. 'धुळाक्षरें' हा शब्द तिनें आपल्या भाषेस दिला. पंडितांचें गणितही तिच्यावरच चाले. श्रीधराचार्याच्या ग्रंथाचें नांव 'पाटीगणित' असें आहे, आणि 'धूलिकर्म' ही संज्ञा गणितग्रंथांत आढळते. भारतीय अंक अरबांकडे गेले तेव्हां त्यांजबरोबर धुळीची फळीही गेली. त्यांनीं ह्या गणितास 'हिसाब-अल्-घुबार' म्हटलें, आणि 'घुबार' म्हणजे धूळच. ह्या साधनाचा मुख्य गुण असा कीं, त्यावर चुकीचा डाग राहत नाहीं. शंभर वेळां चुकलेल्या मुलासही एकशें एकावी वेळ कोरीच मिळते.

दुसरें साधन कित्ता. हा शब्द अरबी 'कित्आ' पासून आला. सुलेखनकारानें नमुन्यादाखल लिहिलेला तुकडा, असा त्याचा अर्थ. पंतोजीनें वर एक ओळ घालून द्यावयाची आणि शिष्यानें तीच गिरवावयाची. समर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं लेखनक्रियेवर स्वतंत्र समास लिहिला आहे. अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखें असावें, ओळी सरळ असाव्यात, तारुण्यांत फार बारीक लिहिलेलें वृद्धपणीं उपयोगीं पडत नाहीं, इत्यादि सूचना तेथें आहेत. बालकाच्या कित्त्यास त्या जशाच्या तशा लागू पडतात. अक्षर मोठें, जाड आणि एकसारखें पाहिजे. रोमन पंडित क्विंटिलियन ह्यानेंही इसवी सनाच्या पहिल्या शतकांत, लहान मुलांस खेळावयास हस्तिदंती अक्षरें द्यावींत, आणि पुढें फळीवर कोरलेल्या अक्षरांच्या खांचेंतून त्यांची लेखणी फिरवावी, असें सुचविलें आहे. १९०७ सालीं रोम येथें बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसोरी ह्यांची खरखरीत कागदाचीं अक्षरें हा त्याच विचाराचा विस्तार आहे; आणि गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक ह्यांच्या प्रयत्नांनीं तो आपल्या बालवाड्यांत आला. अक्षर डोळ्यांइतकेंच बोटानेंही शिकावयाचें असतें, ह्याविषयीं रोम आणि महाराष्ट्र ह्यांचें एकमत दिसतें.

तिसरें साधन उजळणी, आणि तिचें छापील रूप म्हणजे अंकलिपी. ह्या नांवांतच अंक आणि लिपि एकत्र नांदतात, हें मार्मिक आहे. मुळाक्षरें, बाराखडी, अंक आणि पाढे एकाच लहान पुस्तकांत. त्यामुळें अक्षराचें मूल आणि आंकड्याचें मूल असा भेद आमच्या घरांत कधीं पडला नाहीं. जुन्या उजळण्यांत पूर्णांकांच्या पाढ्यांपुढें पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, येत. हें पाठांतर निरर्थक नव्हतें. रुपयाचे १६ आणे आणि शेराचे ४ पावशेर असलेल्या बाजारांत त्यावांचून पाऊल टाकतां येत नसे. निजामाच्या राज्यांत तर आणखी एक हिशेब होता. तेथील हाली रुपये ७ म्हणजे इंग्रजी कलदार ६. तेव्हां वऱ्हाडांत कापूस विकून आलेल्या बापाच्या शेजारीं बसलेल्या मुलास सातांचा आणि सहांचा पाढा ही घरची गरज होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि अपूर्णांकांच्या ह्या पाढ्यांचा व्यवहारांतील आधार सुटला.

ह्या साधनांची खरी किंमत आमच्या हिंगोलीच्या परिसरांत विशेष कळते. हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. ह्याच जिल्ह्यांत नरसी हें नामदेवांचें जन्मस्थान म्हणून मानलेलें गांव आहे, आणि विसोबा खेचरांची व नामदेवांची भेट परंपरा जेथें सांगते तें औंढा नागनाथाचें देवालयही आहे. मराठी वाणीची इतकी जुनी वस्ती असूनही हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १८८४ सालीं राज्यकारभारांत फारसीच्या जागीं उर्दू आली. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें माध्यमही उर्दूच ठरलें. हिंगोलीस १९०३ पर्यंत कंटिंजंट फौजेची छावणी होती, तिच्यामुळें इंग्रजीचेंही दर्शन घडे. म्हणजे लिहित्या घरांतील मुलापुढें पोथीचें बाळबोध, सावकारी कागदांची मोडी, कचेरीची उर्दू, अशा तीन लिपी आणि अंकांच्या दोन तऱ्हा एकाच वेळीं उभ्या राहत. त्या उर्दू अंकांसही अरब लोक 'हिंदी' म्हणत आले आहेत. धुळीच्या फळीवरून गेलेले आपलेच अंक रूप पालटून परत आले होते. शाळा दुसऱ्या भाषेची असतां बाळबोध अक्षर टिकलें, तें पुष्कळ अंशीं घरच्या पाटीवर आणि गांवच्या पंतोजीच्या ओसरीवर टिकलें. आजोबांनीं नातवास दिलेली एक पाटी हें तेव्हां खेळणें नव्हतें. ती भाषेची राखण होती.

आज राज्य आपलें आहे, शाळाही मराठी आहेत. तरीही बाजारांत मिळणाऱ्या बोलक्या फळ्यांवर आणि रंगीत ठोकळ्यांवर बहुधा रोमन अक्षरेंच असतात. ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु आहे असें आम्ही म्हणत नाहीं; जें खपतें तें दुकानदार ठेवितो. परंतु मूल ज्या भाषेंत भूक लागली म्हणून सांगतें, त्या भाषेचीं अक्षरें त्याच्या हातीं प्रथम पडावींत, एवढी काळजी देणाऱ्यानें घेतली पाहिजे. रोमन अक्षरें मागाहून येतीलच. त्यांस आमंत्रणाची गरज नाहीं.

वरील इतिहासावरून देणगी निवडण्याच्या चार कसोट्या निघतात. वस्तूवर मुलाचें स्वतःचें बोट फिरावें. चूक पुसली जावी. अक्षर व अंक दोन्ही असावे. आणि चौथी सर्वांत महत्त्वाची : देणाऱ्यानें स्वतः जवळ बसावें. तुकोबांनीं, बालकासाठीं पंतोजी स्वतःच हातीं पाटी धरतो, असा दृष्टांत दिला आहे, तो येथें स्मरावा. बोलक्या फळीचा दोष हाच कीं ती आपणच बोलते, आणि त्यामुळें मुलाचें व आजोबांचें, दोघांचेंही तोंड बंद होतें.

ह्या कसोट्या लावल्यास निवड सोपी होते. कांठ असलेल्या रुंद ताटांत किंवा लांकडी तबकांत बारीक रवा पसरून दिला म्हणजे घरच्या घरीं धूळपाटी झाली. लांकडाचीं मोठीं, कोरीव देवनागरी अक्षरें सुताराकडून करवून घ्यावींत. एकाच वेळीं बावन्न न देतां प्रथम मुलाच्या नांवांतील द्यावींत. दहा मोठे लांकडी मणी एका दोऱ्यांत ओंवून दिले तर त्यांवर एक ते दहा हे अंक हातानें मोजतां येतात. तीन वर्षांखालील मूल प्रत्येक वस्तु तोंडांत घालतें. म्हणून चिंचोके, कवड्या, लहान लोहचुंबकी अक्षरें आणि बटणाएवढ्या विजेऱ्यांचीं खेळणीं त्याच्या आसपासही ठेवूं नयेत. लोहचुंबकाचे तुकडे किंवा असल्या विजेऱ्या पोटांत गेल्यास आंतड्यास व अन्ननलिकेस भयंकर इजा होते. पाटी द्यावयाची तर कड चांगली बसविलेली द्यावी.

आमच्या वर्गाच्या वाचकांस एक मोह विशेष होतो, तो मोडीचा. मोडीची वळणदार ओळ पाहून नातवंड हरखतें, हें आम्हीही पाहिलें आहे. तथापि लेखणी न उचलतां लिहिण्याची ती लिपि सुट्या अक्षरांची ओळख पक्की झाल्यावरच शोभते. प्रथम बाळबोध, मग मोडी, हा क्रम सोडूं नये.

आतां आमच्या वाचकांस एक विनंति. धुळीवरचीं अक्षरें धुळींतच गेलीं. त्यांचा पुरावा मिळणें नाहीं. परंतु कित्ते, उजळण्या आणि अंकलिप्या कागदावर होत्या, आणि त्याही आपण जवळजवळ घालवल्या. सनदा, महजर आणि पत्रें आपण जपतों. त्याच रुमालांत एखाद्या जुन्या पत्राच्या कोऱ्या पाठीवर लहान हातानें गिरविलेली बाराखडी निघाली तर ती रद्दी समजून बाजूस सारतों. वस्तुतः राजाचें नांव अनेक कागदांत मिळतें. परंतु शंभर-दीडशें वर्षांपूर्वीं एखाद्या खेड्यांत मूल अक्षरें कोणत्या क्रमानें शिकत होतें, कोणता पाढा कोठपर्यंत म्हणत होतें, मुलगी गिरवीत होती कीं नाहीं, हें सांगणारा दुसरा साक्षीदार बहुधा नसतो. असा कागद निघाल्यास तो फेंकूं नये. कोणत्या गांवच्या, कोणत्या रुमालांत आणि कोणत्या कागदांच्या संगतींत सांपडला, एवढी नोंद त्याजबरोबर ठेवावी.

यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्रि ह्यानें आपल्या चतुर्वर्गचिंतामणीच्या दानखंडांत विद्यादानाचा विस्तृत विधि दिला आहे. ग्रंथ लिहवून, त्याची पूजा करून तो द्यावा, असें त्याचें स्वरूप आहे. त्या विधींतील मर्म आम्ही असें समजतों कीं, ग्रंथ विकत आणून देण्यापेक्षां लिहवून देण्यास अधिक मोल आहे. म्हणून जुना कित्ता हातीं असेल त्यानें तो मूळचा मुलास देऊं नये. त्यावरून मोठ्या जाड अक्षरांत स्वहस्तें नवा कित्ता लिहावा, खालीं मुलाचें नांव व तिथि घालावी, आणि तो द्यावा. मूळ कागद संग्रहांत राहील, नक्कल मुलाच्या हातीं फाटेल. आणि फाटण्यापूर्वीं ती आपलें काम करून गेलेली असेल.