बॉम्बे रक्तगट आणि आपली सोयरीक

आमच्या सातारा-सांगलीकडे सोयरीक जुळवताना ‘रक्ताचं नातं’ हा शब्द हमखास येतो. मामाची मुलगी सून म्हणून आणणे ही इथल्या अनेक हिंदू घरांची जुनी रीत. मुसलमानांत चुलत, मामे, मावस, आते अशी चारही नाती लग्नाला चालतात. या रीतीचा एका रक्तगटाशी जवळचा संबंध आहे. त्याचे नाव मुंबईचे, पण गोष्ट आपल्या घरापर्यंत येते.

१९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईतल्या तीन माणसांच्या रक्ताची नोंद केली. ‘ओ’ रक्त कुणालाही चालते, असे तेव्हा मानले जाई. या तिघांना ‘ओ’सुद्धा चालत नव्हते. शहरावरून गटाला ‘बॉम्बे’ म्हणू लागले. पुढे शहराचे नाव बदलले, गटाचे तेच राहिले.

कारण असे. रक्तातल्या लाल पेशीच्या अंगावर साखरेच्या कणांची साखळी असते. ‘एफयूटी-१’ या जनुकामुळे तिला एक कण जोडला जातो आणि ‘एच’ नावाचा पाया तयार होतो. त्यावर ए किंवा बी रचले जाते. नुसता पाया म्हणजे ‘ओ’. बॉम्बे गटात पायाच नसतो. म्हणून शरीर ‘एच’ला परके मानते आणि चढवलेल्या ‘ओ’ रक्ताच्या पेशी फोडून टाकते. १९९० च्या दशकात जनुकाची अक्षरे वाचली गेली, तेव्हा भारतीय बॉम्बे गटात ७२५ व्या जागी ‘टी’ऐवजी ‘जी’ सापडला. उर्दूत वरचा नुक्ता खाली आला की ‘खुदा’चा ‘जुदा’ होतो, हे मी वर्गात सांगतो. तसाच हा प्रकार.

हा आजार नव्हे. माणूस धडधाकट असतो. धोका असतो तो बाळंतपणात, अपघातात, शस्त्रक्रियेत. वरवरच्या तपासणीत हे रक्त ‘ओ’ दिसते. ‘ॲन्टी-एच’ चाचणी आणि क्रॉसमॅच केले की खरे कळते. भारतात सुमारे १०,००० माणसांत एकाचा हा गट असतो, युरोपात सुमारे १० लाखांत एकाचा.

आता सोयरिकीचा हिशोब. बदललेला जनुक आई आणि वडील दोघांकडून आला तरच बॉम्बे गट होतो. एकाकडूनच आला तर काहीच जाणवत नाही. समजा, आजोबांकडे असा एक जनुक आहे. त्यांच्या दोन नातवंडांचे, म्हणजे सख्ख्या चुलत किंवा मामे-आते भावंडांचे, एकमेकांशी लग्न झाले तर त्यांच्या प्रत्येक मुलाला हा गट मिळण्याची शक्यता ६४ त १ होते. थॅलेसेमियासारखा गंभीर आजारही याच वाटेने येतो.

शिकलेला माणूस म्हणून सोयरिकीच्या बैठकीत मलाही बसवतात. तिथे शेती, नोकरी, देणेघेणे सगळे विचारतात. रक्त कुणी विचारत नाही. शरियतमध्ये नात्यातल्या लग्नाची परवानगी आहे, सक्ती नाही. मामाच्या मुलीची रीतही सक्तीची नाही. जनुकाला जात आणि मजहब कळत नाही, म्हणून दोन्ही घरांना हिशोब एकच.

लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी करून घ्या. घरात कुणाचा बॉम्बे गट निघाला तर सख्ख्या भावंडांचीही चाचणी करा. प्रत्येकात तो असण्याची शक्यता साधारण ४ त १ असते. आणि गट जुळला तर रक्तदात्यांच्या यादीत नाव द्या. कुठल्यातरी बाळंतिणीला तेच एक रक्त चालणार असते.