माय घरमा शे

पाचवीत शहरातल्या शाळेत गेलो तेव्हा बाईंनी विचारलं, "आई कुठे आहे?" मी म्हणालो, "माय घरमा शे." वर्ग हसला. बाईंनी दुरुस्त केलं, "घरात आहे, म्हण." त्या दिवसापासून मी अहिराणी फक्त घरी बोलू लागलो.

पुढे सुरतेला मामाकडे गेलो. तिथे सगळे म्हणत, "घरमां छे." कोणी हसत नव्हतं. तीच तापी, तोच प्रत्यय. फक्त 'छ'चा 'श' झालेला. 'छे'चं मूळ प्राकृतातल्या 'अच्छइ'पर्यंत नेतात. म्हणजे माझं 'शे' हे 'आहे'चं बिघडलेलं रूप नव्हतं, ते वेगळ्याच वाटेने आलं होतं.

गुजरातीत नो, नी, नुं. अहिराणीत ना, नी, नं. 'मना आंडोर' म्हणजे माझा मुलगा. पण 'माले', 'तुले' यांतला 'ले' वऱ्हाडीच्या 'मले'शी जुळतो. आणि क्रियापद तर स्वतःचंच आहे. मराठीत आजोबा 'जातो' म्हणतात, आजी 'जाते' म्हणते. आमच्याकडे दोघंही म्हणतात, "मी जास." तू जास, तो जास, ती जास. अनेकवचनात 'जातस'. एवढा काटेकोर नियम असलेली भाषा अशुद्ध कशी?

नाव अहिरांवरून, म्हणजे आभीरांवरून आलं. आभीर राजा ईश्वरसेनाचा शिलालेख नाशिकच्या लेण्यांत आहे. काव्यातल्या आभीरादींच्या बोलीला दंडीने 'काव्यादर्शा'त अपभ्रंश म्हटलं. ग्रिअर्सनने भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात घेतलं नाही. 1907च्या खंडात भिल्ली भाषांसोबत ठेवलं. मराठी, गुजराती, भिल्ली या तिघींच्या सीमेवरची ही भाषा. कोणाच्या घरात ठेवायची हा प्रश्न तेव्हापासूनचा.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांची भाषाही बराच काळ डॅनिशची गावंढळ बोली समजली जाई. शाळा, चर्च, कचेरी सगळं डॅनिशमध्ये. 1846मध्ये हॅमर्सहाइम्बने तिचं लेखन ठरवलं, 1948मध्ये ती बेटांची मुख्य भाषा झाली. बोलणारे लाखभरही नाहीत.

2011च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा लिहिणारे सुमारे 18 लाख 60 हजार होते. त्यात आमचं घर नाही. वडिलांनी 'मराठी' सांगितलं होतं, आणि लगेच आत वळून हाक मारली होती, "चहा ठेव वं, पाहुणा उना."

पुढच्या वेळी दार मी उघडणार आहे.