हेगेलच्या वर्गात, मागच्या बाकावर

नाकाला रुमाल लावा. हे १८२० सालच्या उन्हाळ्यातलं बर्लिन आहे. रस्त्याकडेचं उघडं गटार वाहतंय म्हणण्यापेक्षा साचलंय. वारा सुटला की पायाखालची वाळू थेट डोळ्यांत. उंटर डेन लिंडेनवरची झाडं फुललीत म्हणून निभावतंय. अंगातला लोकरी कोट काढू नका, चारचौघांत शोभणार नाही. आणि तोंडातली चिरूट आधी विझवा. इथं रस्त्यावर ओढायला बंदी आहे!

समोरच्या वाड्यात शिरा. तो राजपुत्र हाइनरिशचा. आता तिथं विद्यापीठ भरतं. बाकावर सरकून घ्या. शेजाऱ्याच्या कोटाला शिळ्या तंबाखूचा वास मारतोय. मान खाली घालून बसलेत ते तत्त्वज्ञ हेगेल. वक्ते म्हणून अगदीच सुमार. वहीची पानं पुढं उलटतात, मागं उलटतात, खोकतात, तपकीर ओढतात. उच्चार दक्षिणेकडचे, श्वाबियातले. वाक्य निघतं, अडतं, पुन्हा पहिल्यापासून. घामानं मान चिकचिकतेय, डोळे मिटू लागलेत, आणि नेमकी तेव्हाच गंमत सुरू होते.

नुसतं ‘आहे’ एवढंच मनात धरा. काय आहे, कुठं आहे, कसं आहे, काही विचारायचं नाही. हाताला काय लागलं? काहीच नाही. म्हणजे ‘आहे’चं बोट धरून निघालात आणि ‘नाही’च्या दारात पोचलात! माघारी वळावं, तर ‘नाही’सुद्धा मनात आहेच की. या न थांबणाऱ्या येरझाऱ्या म्हणजे ‘होणं’. भोवती पिसांच्या लेखण्या कुरकुरताहेत. तुमची मात्र तशीच हवेत.

पुढं मराठीत याला विरोधविकास म्हणतील, वाद-प्रतिवाद-संवाद असं घोकून घेतील. हेगेल स्वतः असलं त्रिकूट मांडत नाहीत. त्यांचं म्हणणं जास्त छळणारं आहे: विचार खोडायला बाहेरून कुणी यावं लागत नाही, शेवटापर्यंत नेला की तो आपणच उलटतो.

याच तासाला शोपेनहाउअर नावाचे तरुण शिक्षकही शिकवताहेत. हीच वेळ त्यांनी हट्टानं निवडलीय. डोकावा हवं तर, बसायला जागाच जागा आहे.

तास सुटला. लोंढ्याबरोबर तुम्हीही बिअरच्या गुत्त्यात. रस्त्यावर मनाई, म्हणून सगळे पाइप इथंच पेटतात. धुरानं डोळे चुरचुरतात, आंबट पांढऱ्या बिअरनं दात. एक जण टेबलावर मूठ आपटतो: जग बुद्धीला धरूनच चाललंय, बदलायचं कशाला? दुसरा उसळतो: बुद्धीला धरून नाही ते टिकणारच नाही, मग त्याला सांभाळायचं कशाला? आधार दोघांनाही गुरूंचाच. दुसऱ्याच्या वाटेनं फार लांब जाणारा मार्क्स सध्या ट्रीअरमध्ये दोन वर्षांचा आहे. १८३६मध्ये तो या शहरात येईल तेव्हा हेगेल हयात नसतील.

आज मात्र ते पत्त्यांच्या डावात रमलेत. व्हिस्ट चाललंय, एक भिडू कमी आहे. बसा. इथं ‘आहे’-‘नाही’चा विषय काढू नका, बाकीचे वैतागतील. तुमची पाळी आली, पान टाका.