वऱ्हाडातील भाव आणि हुंडणावळ

कोणत्याही भावाची दोन अंगे असतात : एक आकडा व दुसरे तो आकडा ज्या नाण्यात सांगितला ते नाणे. आजचा जालावरील दुकानदार परदेशी गिऱ्हाइकाला त्याच्याच देशाच्या चलनात किंमत दाखवितो आणि ही अर्वाचीन सोय समजली जाते. परंतु परक्याचा भाव आपल्या नाण्यात मांडण्याचा प्रश्न वऱ्हाडला चारशे वर्षांपासून परिचित आहे. अशा मांडणीत हुंडणावळीचा दर कोण ठरवितो व बट्टा कोणाच्या पदरी पडतो, हा खरा विचारणीय मुद्दा होय. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने तीन प्रसंगांचे अवलोकन करावयाचे आहे.

पहिला प्रसंग मोगल अमदानीतील. इ. स. १५९६ मध्ये वऱ्हाड अहमदनगरकडून अकबराकडे आले. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त या सुभ्याचा मूळ वसूल साडेतीन कोट वऱ्हाडी टंके दिला असून, एक वऱ्हाडी टंका म्हणजे दिल्लीचे आठ टंके, असे प्रमाणही सांगितले आहे. दिल्लीचा टंका दोन दामांचा. म्हणून एकूण रक्कम ५६ कोट दाम होते. चाळीस दामांचा रुपया धरल्यास ती १ कोट ४० लक्ष रुपये भरते. येथे स्थानिक आकडा, परिवर्तनाचे प्रमाण व बादशाही आकडा ही तिन्ही एकत्र नोंदलेली असल्यामुळे आजच्या वाचकालाही हिशेब पडताळून पाहता येतो. नाणे बदलले तरी हिशेबाची वाट झाकली गेली नाही, हे या नोंदीचे महत्त्व आहे.

दुसरा प्रसंग निजामी अमलाचा. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला, तरी स्वामित्व निजामाचेच राहिले. परिणामी सरकारी हिशेब कलदार रुपयाचा आणि दक्षिणेकडील शेजारी मुलखाचे चलन ‘हाली सिक्का’ अशी स्थिती उत्पन्न झाली. दोन्ही नाण्यांचे नाव रुपयाच. चांदी मात्र निराळी. कलदार रुपयात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असे, तर विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेल्या हाली रुपयात ती सुमारे १४१ ग्रेन भरते. सात हाली म्हणजे सहा कलदार, या पुढे रूढ झालेल्या दराचा उगम या तफावतीत दिसतो. १९०२ च्या करारान्वये ठरलेला वऱ्हाडचा वार्षिक २५ लक्ष रुपयांचा खंड कलदार धरल्यास या दराने सुमारे २९ लक्ष १७ हजार हाली रुपये होतो. ‘रुपया’ एवढाच शब्द लिहून नाणे मोघम ठेवले असते, तर चार लक्षांहून अधिक रकमेचा वाद संभवला असता. मात्र येथे दोन्ही नाणी व्यापाऱ्याच्या हातात येत असत. सराफ ती पारखीत असे आणि बट्टा उघड मागितला जाई. त्याविषयी घासाघीस करणे तरी शक्य होते.

तिसऱ्या प्रसंगात हेच अशक्य झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) वऱ्हाडी कापसाला विलायतेचा बाजार खुला केला आणि १८६७ पर्यंत आगगाडी अकोला व बडनेरा मार्गे नागपुरास पोहोचली. लिव्हरपूलचा भाव रत्तलास पेन्समध्ये. मुंबईचा ७८४ रत्तली खंडीस रुपयांत. वाहतूक, विमा व अडत हे खर्च तूर्त बाजूस ठेवू. लिव्हरपूलचा एक पेन्स म्हणजे खंडीस ७८४ पेन्स. रुपया दोन शिलिंगांचा असताना त्याचे ३२ रुपये १० आणे ८ पै होत. सोन्याच्या मानाने चांदी उतरत गेली व १८९४-९५ मध्ये रुपया सुमारे १३ पेन्सवर आला, तेव्हा त्याच एका पेन्सचे ६० रुपयांहून थोडे अधिक होत. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी खाजगी चांदीस बंद केल्या होत्या. त्यामुळे रुपया पुढे वधारला आणि १८९८ पर्यंत १६ पेन्सच्या आसपास आला. आता त्याच पेन्सचे ४९ रुपये उरले. लिव्हरपुलात भाव रेसभरही न हलता वऱ्हाडात खंडीमागे पेन्सला अकरा रुपयांची तूट येऊ शकत होती. सारा मात्र तीस वर्षांच्या बंदोबस्ताने रुपयांत ठरलेला. उत्पन्नाचा रुपया एका नियमाने व देण्याचा रुपया दुसऱ्या नियमाने चाले, आणि याच दशकाच्या अखेरीस १८९९-१९०० चा भीषण दुष्काळ आला.

अमरावती वा अकोल्याच्या बाजारात गाडी सोडणाऱ्या कुणब्याला भाव त्याच्या ओळखीच्या नाण्यातच सांगितला जाई. त्यात दडलेली हुंडणावळ त्याला दिसण्याचा मार्ग नव्हता. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने दलाल व मापारी यांस परवाना आवश्यक केला आणि अनधिकृत कपातीस आळा घालण्याचा यत्न केला. तो कायदा महत्त्वाचा खरा. परंतु त्याची दृष्टी बाजाराच्या कुंपणापर्यंतच पोहोचत होती. तराजू तपासता येत होता. लंडन व कलकत्ता येथे ठरणारा रुपयाचा दर तपासता येत नव्हता.

या तीन प्रसंगांवरून एक निष्कर्ष काढण्यास प्रत्यवाय नाही. भाव ओळखीच्या नाण्यात सांगितला म्हणजे तो समजला, असे होत नाही. आईनमधील नोंदीप्रमाणे मूळ आकडा व प्रमाण सोबत असेल तर परिवर्तन ज्ञान देते. ते नसेल तर तेच परिवर्तन जोखमीवर पडदा टाकते. जालावरील किंमतपत्रिकेलाही हीच कसोटी लागू आहे : दर कोणत्या दिवसाचा, तो कोणी ठरविला आणि पैसे चुकते करताना बदलल्यास फरक कोणी सोसावयाचा. वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने जुन्या दप्तरातील प्रत्येक ‘रुपया’पुढे हेच प्रश्न ठेवावयास हवेत. त्यांवाचून केलेली भावांची तुलना ही केवळ आकड्यांची तुलना ठरेल.