'राखीव' कोणाचे?

'राखणे' या क्रियापदाचे मराठीत दोन अर्थ चालतात: सांभाळणे, आणि दुसऱ्याला न देता मागे ठेवणे. गावगाड्याने हे अर्थ जातवार वाटून दिले. शीव राखायची महाराने; पाणवठा आणि देऊळ स्वतःपुरते राखून ठेवायचे सवर्णांनी. या दुसऱ्या राखण्याला 'राखीव' कुणी म्हटले नाही. त्याचे नाव रूढी!

राजर्षी शाहूंनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या, तेव्हा या क्रियापदाची दिशा उलटली. आज वसतिगृहात, कचेरीत 'राखीव' हा शब्द शिवीसारखा फेकला जातो. फेकणाऱ्याला आजोबांचा पाणवठा आठवत नाही.

महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच सर्वांना खुले केले होते. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे अनुयायी तेथे पाणी प्याले, तेव्हा त्यांच्या लोकांना मारहाण झाली, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले. पुढे सवर्ण दिवाणी दाव्यात उतरले. आधार पुन्हा रूढीचाच. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला: ही रूढी अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आलेले नाही.