मनुष्य-पडताळणीची परीक्षा : तिचा इतिहास आणि लिपीचा प्रश्न

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील सिंदी हे गाव कागदोपत्री ‘सिंदी (रेल्वे)’ असे लिहिले जाते. वर्धा शहरालगत ‘सिंदी (मेघे)’ आहे. दोहोंतील भेद कंसातील शब्दाने कळतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला, आणि त्या मार्गावरील या गावाच्या नावातच रेल्वे जाऊन बसली. तिकीट-खिडकीवरील कारकून ‘कोठे जावयाचे?’ एवढेच विचारी. समोर उभा आहे तो मनुष्यच आहे ना, हे पडताळण्याचा प्रसंग त्याच्यावर कधी आला नाही. आज तो प्रसंग याच गावातील प्रवाशावर, खातेदारावर व विद्यार्थ्यावर नित्य येतो. येथील एका सेवा केंद्रात प्रस्तुत लेखकाने एक वयोवृद्ध शेतकरी पाहिले. पडद्यावरील वाकडीतिकडी रोमन अक्षरे तीनदा चुकल्यावर ते संगणकावरील मुलाला म्हणाले, “बापू, मी माणूस आहो, हे तूच सांग ना त्याले!” ऐकणारे हसले, परंतु त्या उद्गारातच या लेखाचा विषय आहे.

ओळख पटविण्याच्या रीती आपल्याकडे जुन्याच आहेत. मराठेशाहीतील कागदपत्रांवर लिहिता न येणारा पाटील नांगराची निशाणी करी. बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये एका करारावर कंत्राटदाराच्या हाताचा ठसा घेतला. ‘आधार’चा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. या साऱ्या रीती ‘तू कोण?’ असे विचारतात. त्यांत निरक्षराला जागा होती. नांगर काढता आला म्हणजे पुरे.

‘तू मनुष्य आहेस काय?’ हा प्रश्न मात्र अर्वाचीन आहे. १९५० मध्ये ॲलन ट्यूरिंग यांनी ‘माइंड’ या नियतकालिकात, यंत्राचे संभाषण मनुष्याच्या संभाषणाहून वेगळे ओळखता येते काय, अशी कसोटी मांडली. १९९७ च्या सुमारास अल्टाव्हिस्टा या शोधयंत्रात स्वयंचलित आज्ञावली पत्त्यांची खोटी भर घालू लागल्या, तेव्हा आंद्रेई ब्रोडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राला वाचता न येणाऱ्या विकृत अक्षरांची अडसर घातली. २००० मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील मॅन्युएल ब्लम, लुइस फॉन आन प्रभृतींनी याहूसाठी अशीच परीक्षा रचली व तिला ‘कॅप्चा’ हे आद्याक्षरी नाव दिले. ट्यूरिंग यांच्या कसोटीत परीक्षक मनुष्य होता. येथे परीक्षक यंत्र आणि उमेदवार मनुष्य, अशी उलटापालट झाली. २००७ च्या ‘रीकॅप्चा’ने जुन्या ग्रंथांतील व वृत्तपत्रांतील यंत्राला न लागलेले शब्द लोकांकडून वाचवून घेतले, २००९ मध्ये गूगलने ती योजना विकत घेतली. त्याच गूगलने २०१४ मध्ये जाहीर केले की, अत्यंत विकृत अक्षरेही यंत्र आता ९९.८ टक्के अचूक वाचते.

अडसरीचे प्रयोजन खोटे नव्हे. रेल्वेची तिकिटे ऑगस्ट २००२ पासून संगणकजालावर मिळू लागली, तसे दलालांच्या आज्ञावलींनी ती क्षणार्धात बळकावण्याचे प्रकारही सुरू झाले. १ जुलै २०२५ पासून तेथील तत्काळ तिकिटासाठी आधार-प्रमाणीकरण अनिवार्य झाले. म्हणजे प्रश्न फिरून ‘तू कोण?’ याकडेच वळला.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. विकृत अक्षर ओळखण्याचे सामर्थ्य केवळ दृष्टीत नसते. ते त्या लिपीच्या दीर्घ परिचयात असते. मोडीचा जाणकार जी घसट सहज वाचतो, तीत इतरांना रेघोट्याच दिसतात. देवनागरीत मोठ्या व लहान अक्षरांचा भेदच नाही. रोमन परीक्षेत तो भेद चुकला की कित्येकदा उत्तर नाकारले जाते. तेव्हा मोजले जाते ते मनुष्यत्व नव्हे, रोमन लिपीचे शिक्षण होय. चित्रांतील अग्निशामक नळखांब तरी सिंदीच्या रस्त्यावर कोणी पाहिला आहे? बायबलच्या ‘शास्ते’ या ग्रंथात यार्देन नदीच्या उतारावर ‘श’चा उच्चार न साधणारे एफ्राईमी वेगळे काढून मारले गेल्याची कथा आहे. आपल्याकडे ‘डोळा’ हा शब्द कसोटीस लावला, तर ‘डोया’ म्हणणारा वऱ्हाडी मनुष्य परका ठरावयाचा. परीक्षकाची सवय ही सर्व मानवजातीचे लक्षण मानली की असेच घडते.

या प्रश्नाची दखल न्यायालयानेही घेतली आहे. बँकेच्या पडताळणीत ‘जिवंत’ असल्याची खूण म्हणून पापणी मिटण्यास सांगितले गेले आणि आम्लहल्ल्यात इजा झालेल्या एका स्त्रीला ते शक्य नव्हते. तिच्या, तसेच एका दृष्टिहीन अर्जदाराच्या याचिकेवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, या सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्णय दिला.

तात्पर्य, पडताळणी टाकून देता येणार नाही. परंतु एकाच लिपीची वा एकाच इंद्रियाची परीक्षा हे तिचे एकमेव द्वार असता कामा नये. नांगराची निशाणी मान्य करणाऱ्या दप्तराला हे ठाऊक होते. सिंदीच्या त्या शेतकऱ्याने साक्ष मागितली ती शेजारच्या मुलाची, आणि मनुष्याची ओळख मनुष्याने पटवावी, हीच आपल्याकडील जुनी रीत होय.