सुरतेचा गोंधळ आणि बडोद्याचे तीन दिवस

सुरत आणि मराठी माणूस म्हटले की इतिहासातली एकच गोष्ट लोकांना आठवते. १६६४ मध्ये आणि पुन्हा १६७० मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर चालून आले ती. गावाकडच्या लग्नात कोणी ना कोणी विचारतोच, "काय मग, तुम्ही अजून सुरत लुटताय का?" आम्ही हसतो आणि पुढे जातो. पण मराठी माणसाने सुरतेत गाजवलेला आणखी एक प्रसंग आहे. त्याच्या पाठोपाठ चार-आठ दिवसांत बडोद्याला जे घडले ते आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही तोच विषय घेतला. त्याला कारणही घडले आहे, ते शेवटी सांगू.

तापीकाठचा मांडव

डिसेंबर १९०७. राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे, तेविसावे अधिवेशन. ते आधी नागपूरला व्हायचे होते. तिथे टिळकपक्षाचा जोर वाढतो आहे असे दिसताच मवाळांनी ते सुरतेला हलवले. तापीच्या काठी जुन्या फ्रेंच बागेत मांडव पडला. अध्यक्ष म्हणून डॉ. रासबिहारी घोष यांचे नाव होते. जहालांना लाला लजपतराय हवे होते. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य हे ठराव सौम्य केले जातील अशी जहालांना धास्ती होती.

२६ तारखेला सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलायला उभे राहिले आणि एवढा आरडाओरडा झाला की सभा तहकूब करावी लागली. २७ तारखेला टिळक तहकुबीची सूचना मांडायला व्यासपीठावर चढले. अध्यक्षांनी परवानगी नाकारली. टिळक हाताची घडी घालून तिथेच उभे राहिले. त्यांना खाली ओढायला काही जण धावले, तेव्हा त्यांच्या विरोधी पक्षाचे पुढारी गोपाळ कृष्ण गोखले आडवे आले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी टिळकांना सांभाळले. तेवढ्यात मांडवातून एक जोडा भिरभिरत आला. तो सुरेंद्रनाथांना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. नेव्हिन्सन नावाचा इंग्रज पत्रकार तिथे हजर होता. जोडा मराठी धाटणीचा, लालसर चामड्याचा होता, हे त्याने बारकाईने नोंदवून ठेवले आहे! मग खुर्च्या उडाल्या, लाठ्या निघाल्या आणि शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला.

काँग्रेस फुटली ती इथे, आपल्या गावात. फुटायला दोन दिवस लागले. दोन्ही पक्ष पुन्हा एका मांडवात बसले ते १९१६ साली, लखनौला. मधे नऊ वर्षे गेली. त्यांतली सहा टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात काढली. गोखले तर १९१५ मध्येच वारले. ज्याच्यासाठी हात पसरले, त्याच्या मांडीला मांडी लावून बसणे त्यांच्या नशिबी नव्हते.

अरविंदबाबू आणि लेले

या गडबडीत जहालांच्या बाजूला पस्तिशीचा एक शांत, कमी बोलणारा माणूस होता: अरविंद घोष. सुरतेत जहालांची वेगळी सभा भरली तिचे अध्यक्ष तेच होते. ते खुर्चीवर बसले आहेत आणि टिळक उभे राहून बोलत आहेत, असा त्या सभेचा फोटो अनेक पुस्तकांत छापलेला आहे. काँग्रेस मोडण्यापर्यंत गेलेला हुकूम टिळकांना न विचारता आपणच दिला होता, असे अरविंदांनी पुढे लिहून ठेवले आहे.

अरविंद बंगाली खरे, पण १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे त्यांनी सयाजीराव महाराजांच्या नोकरीत बडोद्याला काढली. महाराजांच्या कचेरीत काम केले, बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवले. खासेराव जाधवांच्या घरी राहिले, मराठी शिकले. श्वासाचा अभ्यासही तिथलाच. १९०४ च्या सुमारास देवधर नावाच्या इंजिनिअर मित्राकडून त्यांनी प्राणायाम शिकून घेतला. देवधर हे नर्मदाकाठच्या चांदोदच्या ब्रह्मानंदांचे शिष्य. अरविंद रोज पाच-सहा तास प्राणायाम करीत. तब्येत सुधारली, कविता भराभर सुचू लागल्या. पण त्यापलीकडे गाडी जाईना. पुढे कलकत्त्याच्या राजकारणात वेळ मिळेनासा झाला, अभ्यास अनियमित झाला आणि ते चांगलेच आजारी पडले. नुसत्या प्राणायामाच्या तासांनी सगळे साधत नाही, ही गोष्ट इथे ध्यानात घेण्यासारखी आहे.

सुरतेहून अरविंद बडोद्याला गेले. त्यांचे धाकटे बंधू बारींद्र यांनी तार करून ग्वाल्हेरहून एका मराठी साधकाला बोलावून घेतले होते. त्यांचे नाव विष्णु भास्कर लेले. भक्तिमार्गी गृहस्थ. विद्वत्तेत, वाचनात ते अरविंदांच्या जवळपासही नव्हते. अरविंदांनी पुढे हे स्पष्टपणे म्हटले आहे आणि त्यांचे ऋणही तितक्याच स्पष्टपणे मान्य केले आहे.

सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीत दोघे तीन दिवस बसले. बाहेर गावात अरविंदांच्या भेटीसाठी माणसे खोळंबली होती. लेल्यांनी सांगितलेली रीत अगदी साधी होती. विचार आपल्यात तयार होतात असे आपण समजतो, पण नीट पाहिले तर ते बाहेरून आत येताना दिसतात. बसून नुसते पाहायचे. विचार येताना दिसला की आत शिरण्याआधीच त्याला परतवायचे. त्याच्याशी भांडायचे नाही आणि त्याच्या मागे धावायचेही नाही.

अरविंदांनी तसेच केले आणि तीन दिवसांत त्यांचे मन निःशब्द झाले. लेल्यांनाही याची अपेक्षा नव्हती. आलेला अनुभव त्यांच्या भक्तिमार्गापेक्षा वेगळाच होता. शिष्य गुरूच्या पुढे गेला, पण दार उघडून दिले ते गुरूनेच.

नमस्कार करा आणि थांबा

आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो तो यापुढचा प्रसंग. १९ जानेवारी १९०८ ला मुंबईत महाजनवाडीत अरविंदांचे भाषण ठरले होते. मनात एकही विचार नाही, मग बोलणार काय? त्यांनी लेल्यांना विचारले. लेले म्हणाले, श्रोत्यांना नमस्कार करा आणि थांबा, शब्द येतील. अरविंद उभे राहिले, नमस्कार केला, थांबले. शब्द आले. त्यानंतरचे आपले सारे बोलणे-लिहिणे त्याच शांततेतून आले, असे ते सांगत.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मन शांत झाले म्हणून अरविंदांनी काम सोडले नाही. त्याच महिन्यात ते नाशिक, धुळे, अमरावती, नागपूर असे सभा घेत फिरले. २ मे १९०८ ला त्यांना अटक झाली आणि एक वर्ष ते अलीपूरच्या तुरुंगात होते. ६ मे १९०९ ला निर्दोष सुटले. एकांतकोठडीत ही शांतता त्यांच्या कामी आली.

लेले त्याच वर्षी बारींद्रांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याला गेले. ध्यान शिकवायला म्हणून गेले, तर तिथे मुले बॉम्ब बनवण्याच्या तयारीत. त्यांनी मुलांना परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. कोणी ऐकले नाही. पुढे इतिहासाच्या पुस्तकांतून लेले जवळजवळ नाहीसेच झाले.

नर्मदा-तापीच्या पट्ट्यातला श्वास

ही गोष्ट एका खोलीत संपत नाही. त्याच वर्षांत, १९०७ ते १९१० या काळात, बडोद्याला जुम्मादादांच्या व्यायामशाळेत प्रा. माणिकरावांच्या हाताखाली एक मराठी तरुण तालीम घेत होता: जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, डभोईचा. पुढे त्यांनी अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत शिकवले. आपल्यातली निम्मी घरे ज्या ताप्ती लाइनच्या गाडीने सुरतेला आली, त्याच लाइनवरचे हे अमळनेर. १९१९ मध्ये गुण्यांना नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी भेटले. मग गुण्यांनी एक वेगळेच काम हाती घेतले. पोट आत ओढण्याच्या उड्डियान आणि नौली या क्रियांत शरीराच्या आत काय होते, हे त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात एक्स-रे लावून तपासले. १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. हेच स्वामी कुवलयानंद.

त्याच माधवदासजींचे दुसरे शिष्य मणिभाई देसाई, तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातल्या देगाम गावचे. २५ डिसेंबर १९१८ ला त्यांनी मुंबईत वर्सोव्याला 'योग इन्स्टिट्यूट' काढली. योगेंद्रजी म्हणून लोक त्यांना ओळखतात. योग गुहेतून घरात आणला तो या दोघांनी. एक गुजराती, एक मराठी, गुरू एक. सुरतेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

पुढे १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबात-झिन यांनी दुखण्याने आणि ताणाने त्रासलेल्या रुग्णांसाठी एक अभ्यासक्रम सुरू केला. श्वास पाहा, आलेला विचार पाहा, त्याच्या मागे जाऊ नका. आज आपली मुले मोबाइलवर ज्याला 'माइंडफुलनेस' म्हणतात ते हेच. त्याचे मूळ मुख्यतः बौद्ध विपश्यनेत आहे, पण मजुमदारांच्या वाड्यातल्या खोलीपासून ते फार लांबचे नाही. आणि २१ जून २०२३ ला आपल्याच सुरतेत दीड लाखांहून अधिक माणसांनी एकत्र योग करून जागतिक विक्रम केला, तो तर आपल्यापैकी अनेकांनी रस्त्यावर चटई टाकून अनुभवला आहे.

आमची गोष्ट

आता आमचे कारण. आम्ही डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीला लागलो. २००६ च्या पुरात तापी घराघरांत शिरलेली आपण सर्वांनी पाहिली. तेव्हापासून पावसाळ्यात उकाईतून पाणी सोडल्याचा आकडा आला की छातीत धडधडते. चाळिशी ओलांडली आणि रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितले आणि रोज दहा मिनिटे संथ श्वास घ्यायला सांगितले. श्वास सोडताना हृदयाची गती जरा मंदावते, म्हणून सोडणे घेण्यापेक्षा लांब ठेवायचे. श्वास कोंडायचा नाही, कुंभक गुरूशिवाय करायचा नाही. आणि गोळी बंद करायची नाही.

हे आम्ही नेमाने करू लागलो. पण मंडळाच्या ग्रुपवर एका रात्री हिशेबावरून वाद पेटला आणि आम्ही एका काकांना नको ते लिहून बसलो. वर्षानुवर्षे मंडळाची वही सांभाळणारा माणूस. दुसऱ्या दिवशी त्यांनी वही कार्यालयात आणून ठेवली आणि यायचे बंद केले. हिशेब बरोबर निघाला. अरविंदबाबूंचे प्राणायामाचे तास आम्हाला आठवले ते तेव्हा. सकाळी दहा मिनिटे श्वास घेतला होता, पण रात्री बोट मोबाइलवर असताना थांबलो नव्हतो. आमचा जोडा फिरोजशहांपर्यंत गेला नाही एवढेच.

दोन वर्षे अशीच गेली. गेल्या गणपतीत हा इतिहास वाचून आम्ही त्यांच्या दारात गेलो. वाटेत पुष्कळ वाक्ये जुळवली होती. काकांनी दार उघडले आणि एकही आठवेना. नमस्कार केला आणि थांबलो. काका बराच वेळ पाहत राहिले. मग आत वळून म्हणाले, "अगं, चहा टाक." काय बोलायचे ते त्यानंतर आपोआप सुचले.

वही त्यांनी परत घेतलेली नाही, आणि आम्हीही आग्रह केला नाही. पण विसर्जनाच्या आधीच्या आरतीला ते आले होते, मागच्या रांगेत उभे होते.

यंदाही मंडळात मतभेद होतील. डीजे की लेझीम, वर्गणी किती, स्टेजवर कोण बसणार. ते व्हायलाच हवेत, जिवंत मंडळाचे ते लक्षण आहे. वाचकांना आमची विनंती एवढीच, की बोलायला उठण्याआधी, किंवा ग्रुपवर काही पाठवण्याआधी, एक लांब श्वास सोडावा आणि क्षणभर थांबावे. फुटायला दोन दिवस पुरतात आणि सांधायला नऊ वर्षे लागतात, हे सुरतेइतके दुसऱ्या कोणत्या गावाला ठाऊक असणार?

गणपती बाप्पा मोरया!